मधली करवत कोणती घ्यावी?
जमातीच्या अवजारांत तिसऱ्या चेनसॉची भर घालण्यापूर्वी

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या पोफळी, माड आणि आंब्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, १६ आणि १७ मे २०२१ ला, ‘तौक्ते’ वादळ समुद्रातून उत्तरेकडे गेले आणि जाता जाता रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या आंब्याला झोडपून गेले. रस्ते बंद, वीज नाही, घरावर झाड पडलेले, आणि कापायला हातात फक्त कोयता व कुऱ्हाड, अशी वेळ अनेकांनी अनुभवली.

निसर्गनंतर आमच्या गावच्या जमातीने लोकवर्गणीतून घाईघाईत दोन चेनसॉ घेतले. एक लहान, ३२ सीसीचा. दुसरा मोठा, ७२ सीसीचा, २४ इंची बारचा. तेव्हा आम्हाला वाटले, लहान कामाला लहान आणि मोठ्या कामाला मोठा, झाला संच पूर्ण. वर्षभरात कळले की गावातली बहुतेक कामे ना लहान असतात ना मोठी. लहान करवत बुंध्यात अडके, म्हणून लोक मोठी उचलत.

तौक्तेच्या वेळी नेमके हेच झाले. रस्त्यावर फणस आडवा पडला होता. विशीतल्या एका मुलाने सकाळपासून मोठी करवत चालवली. बार, चेन आणि इंधन धरून ती आठ किलोच्या घरात जाते. दुपारपर्यंत त्याचे हात भरून आले. एक फांदी तुटली, करवत खाली झुकली आणि फिरती चेन डाव्या मांडीत घुसली. अंगावर लुंगी होती, पायात चप्पल. अल्लाहच्या कृपेने पाय वाचला, पण आजही तो जिना चढताना कठडा धरतो. मशीन वाईट नव्हती. त्या कामाला ती चुकीची होती, आणि ती त्याच्या हातात देणारे आम्हीच होतो.

म्हणून यंदा तिसरी, मधली करवत घ्यायचे ठरले तेव्हा आम्ही घाई केली नाही. या निमित्ताने जी माहिती जमा झाली, ती वाचक बांधवांपुढे ठेवत आहोत. वाडीवाले, लाकडाचे कंत्राटदार, भाड्याने अवजारे देणारे दुकानदार आणि गावोगावच्या जमाती, सर्वांना ती उपयोगी पडावी.

‘मधली’ म्हणजे नेमकी कोणती?

पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीचा दर्जा पहिल्यांदा सीसीवरून ठरतो. सीसी म्हणजे सिलिंडरच्या आत पिस्टन जेवढी जागा व्यापून सरकतो, ती जागा. ढोबळमानाने ४० सीसीपर्यंतची लहान, ४५ ते ६० सीसीची मधली आणि ७० सीसीच्या पुढची मोठी, असे समजावे.

परंतु ‘मधली’ हा शब्द तुमच्याकडे आधी काय आहे त्यावरही अवलंबून आहे. ज्याच्याकडे ३० सीसीची लहान आणि ७० सीसीची मोठी आहे, त्याने ५० सीसीची घ्यावी. ज्याच्याकडे लहान म्हणून ४५ सीसीची आहे, त्याने ५० घेतली तर दोन्ही करवती एकच काम करतील आणि पैसा अडकून पडेल. त्याने ६० कडे जावे. आणि ज्याच्याकडे एकही नाही, त्याने सुरुवातच मधलीपासून करावी, असे आमचे मत झाले आहे.

आम्ही दुकानात जाण्याआधी एक साधे काम केले. करवत नेणाऱ्यांची नोंदवही उघडून कोणी काय कापले ते पाहिले. ज्यांनी लिहिले नव्हते त्यांना विचारले. पोफळीचे खोड वीतभर जाडीचे असते, ते लहान करवतीचे काम. माडाचे खोड साधारण ३० ते ४० सेंटिमीटर. आंबा, फणस, ऐन यांच्या जाड फांद्या २५ ते ४५ सेंटिमीटर. याहून जाड बुंधे वर्षातून मोजके. म्हणजे मोठी करवत ज्या कामासाठी घेतली होती ते काम क्वचितच निघाले आणि रोजच्या कामाला करवतच नव्हती. व्यापारात आपण यालाच चुकीचा माल भरणे म्हणतो.

सीसीवर भुलू नये

दुकानदार सीसीचा आकडा मोठ्याने सांगतो. गिऱ्हाइकाने तीन आकडे विचारावेत: सीसी, किलोवॅट आणि वजन.

एकाच सीसीच्या दोन करवती ताकदीने सारख्या नसतात. उदाहरणादाखल, श्टिल कंपनीची एमएस २६१ आणि हुस्कवार्ना कंपनीची ४५०, दोन्ही ५०.२ सीसीच्या. पहिलीची ताकद सुमारे ३ किलोवॅट, दुसरीची सुमारे २.४ किलोवॅट. पहिली व्यावसायिक लाकूडतोड्यांसाठी बनवलेली, दुसरी शेत-वाडीवाल्यांसाठी. वजन दोहोंचे पाच किलोच्या आसपास. म्हणजे तेवढेच वजन हातात धरून एकीकडून सव्वापट काम मिळते. अर्थात किमतीतही तसाच फरक असतो, आणि आवृत्तीनुसार आकडे थोडे बदलतात.

याचा हिशेब सोपा आहे. किलो वजनाला किलोवॅटने भागावे. उत्तर जितके लहान तितकी करवत हाताला हलकी. एमएस २५० ही ४५.४ सीसीची, २.३ किलोवॅट आणि ४.६ किलो, उत्तर येते २. एमएस २६१ चे उत्तर १.६. ५९ सीसीची एमएस ३६२ ही ३.५ किलोवॅट आणि ५.६ किलो; तिचेही १.६. एमएस ३८२ ही ७२.२ सीसीची मोठी, ३.९ किलोवॅट आणि ६.२ किलो; तिचेही १.६ च्या आसपास. यावरून दिसते की चांगल्या बनावटीच्या मधल्या आणि मोठ्या करवतीत एका किलोमागची ताकद जवळपास सारखी असते. मग उगाच जास्त किलो कशाला उचलायचे? जेवढी ताकद कामाला लागते तेवढीच घ्यावी.

लक्षात ठेवावे की पुस्तिकेतले वजन बार, चेन आणि इंधन सोडून असते. ते धरले की मधल्या करवतीत दोन किलोपर्यंत भर पडते.

आता मापातील खोटीबद्दल. बाजारात आणि घरपोच विक्रीत ‘५८ सीसी, २२ इंची’ अशा स्वस्त करवती भरपूर दिसतात. खोक्यावरचा आकडा खरा आहे का, हे कोणालाही तपासता येते. पुस्तिकेत सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव मिलिमीटरमध्ये दिलेली असते. व्यासाचा वर्ग करावा, त्याला ०.७८५४ ने गुणावे, मग धावेने गुणावे आणि १,००० ने भागावे. उत्तर सीसीत येते. एमएस २६१ चा व्यास ४४.७ आणि धाव ३२ मिलिमीटर. हिशेब करून पाहा, ५०.२ येतात. जिथे पुस्तिकेत ही दोन मापेच दिलेली नाहीत, किंवा हिशेब खोक्याशी जुळत नाही, तिथे पाकीट खिशातच राहू द्यावे. मापात खोट करणाऱ्यांवर कुरआन शरीफात ‘अल-मुतफ्फिफीन’ नावाची एक संपूर्ण सूरह आहे. ती विकणाऱ्यासाठी आहे हे खरे. पण डोळे उघडे ठेवून घेणे ही घेणाऱ्याचीही जबाबदारी आहे, विशेषतः पैसा दहा जणांचा असेल तेव्हा.

अशा एका स्वस्त करवतीचा तजुर्बा आम्ही स्वतः घेतला आहे. वाडीसाठी घेतलेली ती मशीन पहिल्या पावसाळ्यातच चेनला तेल देईनाशी झाली. बार निळा पडला, चेन सैल झाली. विकणाऱ्याकडे सुटा तेलपंप नव्हता आणि गावातला मिस्त्री म्हणाला, नवीनच घ्या. स्वस्त घेतलेले दोनदा घ्यावे लागले.

५० की ६०?

आमच्यापुढे खरा प्रश्न हाच होता. दोन्ही बाजू मांडतो.

६० सीसीच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. तिला साधारणतः मोठ्या करवतीच्याच पिचची चेन लागते. एकच कानस, एकाच प्रकारची चेन, दोन मशिनींना पुरते. शिवाय मोठी करवत बंद पडली तर ६० ची तिची जागा बऱ्यापैकी भरून काढते.

५० सीसीच्या बाजूने मुद्दा वजनाचा. मधली करवत हीच सर्वांत जास्त तास हातात राहणार. दिवसभरात अर्धा-पाऊण किलोचा फरक कागदावर काही वाटत नाही, पण दुपारी तीन वाजता तोच फरक हात उतरवतो, आणि हात उतरला की अपघात होतो. ते आम्ही पाहिलेले आहे. दुसरे म्हणजे जमातीची करवत कसलेले लोक चालवत नाहीत. शिक्षक, रिक्षावाला, गल्फहून सुट्टीवर आलेला मुलगा, असे लोक चालवतात. त्यांच्यासाठी हलकी बरी.

आम्ही ५० च्या बाजूने कौल दिला. लाकडाच्या कंत्राटदाराने, ज्याचे कामगार रोज सहा तास जाड ओंडकेच कापतात, त्याने ६० घेतली तर तो चुकला असे आम्ही म्हणणार नाही.

बार आणि चेन

बार लांब तेवढी करवत मोठी, ही समजूत चुकीची आहे. बार लांबला की चेन लांबते, मशीनवर ओझे पडते, कापण्याचा वेग उतरतो आणि टोक नजरेआड जाते. टोकाचा वरचा चौथा भाग लाकडाला टेकला की करवत उसळून अंगावर येते. इंग्रजीत याला किकबॅक म्हणतात आणि चेहऱ्याच्या-मानेच्या जखमा यातूनच होतात. ५० सीसीला १६ किंवा १८ इंची बार पुरे. दोन्ही बाजूंनी कापले तर १८ इंची बारने त्याहून बराच जाड बुंधाही कापता येतो.

चेन घेताना चार गोष्टी सांगाव्या लागतात: बारची लांबी, पिच, गेज आणि चेनमधल्या आतल्या दातांची, म्हणजे ड्राइव्ह लिंकची, संख्या. पिच मोजायचे असेल तर लागोपाठ तीन रिव्हेटांमधले अंतर घेऊन दोनाने भागावे. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या दाताची जाडी, ती १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर असते. ५० सीसीच्या करवतीला बहुधा ०.३२५ इंच पिचची चेन येते, मोठ्या करवतीला ३/८ इंचाची.

इथे एक मोठा घोटाळा होतो. लहान करवतीच्या चेनलाही ३/८ च म्हणतात, पण ती ‘लो प्रोफाइल’, बुटक्या घाटाची असते. ‘३/८ द्या’ एवढेच सांगितले तर मोठ्या करवतीसाठी लहानीची चेन गळ्यात पडते. ती नीट बसत नाही आणि स्प्रॉकेट खाते. जुनी चेन पिशवीत घालून सोबत न्यावी, हे उत्तम.

तीन करवती म्हणजे तीन कानशी. लहानीला ४ मिलिमीटर, मधलीला ४.८, मोठीला ५.२ किंवा ५.५, जशी चेनची कंपनी. आम्ही प्रत्येक करवतीच्या मुठीला आणि तिच्या कानशीच्या मुठीला एकच रंग लावला. हिरव्या करवतीला हिरवी कानस. अक्षरओळख नसलेलाही चुकत नाही.

आजच्या चेनचा दात जसा वळलेला असतो त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. १९४६ साली अमेरिकेच्या ओरेगॉन प्रांतात ज्यो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका ओंडक्यातील किड्याची अळी निरखत बसला. ती लाकूड सरळ पोखरत नव्हती. जबड्याने डावीकडून आणि उजवीकडून आलटून पालटून कातरत होती. त्याने तसेच डावे-उजवे दात चेनवर बसवले आणि १९४७ मध्ये पोर्टलंड शहरात कारखाना काढला. आपल्या हातातील चेनवर एक दात डावा, एक उजवा असतो तो यामुळेच. म्हणून धार लावताना दोन्ही बाजूंचे दात सारख्याच लांबीचे राहिले पाहिजेत. एक बाजू जास्त घासली तर करवत लाकडात वाकडी जाते आणि लोक बारला दोष देतात.

धार गेली हे कसे ओळखावे? चांगली चेन लाकडाचे जाड कण फेकते. बारीक पीठ पडू लागले की थांबावे आणि कानस घ्यावी. जोर लावून दाबू नये. माडाच्या बुडाशी वाळू-माती बसलेली असते, ती चेनची शत्रू. आधी तेवढा भाग कोयत्याने सोलून काढावा.

साधा कार्बोरेटर की स्वयंचलित?

नव्या महाग करवतींत इंधन-हवेचे प्रमाण मशीन स्वतःच जुळवते. श्टिल त्याला एम-ट्रॉनिक म्हणते, हुस्कवार्ना ऑटोट्यून. सोय मोठी आहे. परंतु बिघाड झाला की कंपनीच्या माणसाचे उपकरण लागते. साध्या कार्बोरेटरला स्क्रू-ड्रायव्हर आणि जाणता मिस्त्री पुरतो. ज्या गावातून अधिकृत सर्व्हिस केंद्र दोन-अडीच तासांवर आहे आणि वादळात रस्ताच बंद होणार आहे, तिथे साधा कार्बोरेटर बरा, असे आमचे मत. शहरालगतच्या कंत्राटदाराने स्वयंचलित घ्यायला हरकत नाही.

इंधनाबाबत मात्र दोघांनी सावध राहावे. २०२५ पासून आपल्याकडे पंपावर साधारणपणे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकांत करवतीसाठी १० टक्क्यांची मर्यादा छापलेली असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि रबरी नळ्या, पडदे खराब करते, त्यात कोकणची दमट हवा. म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून लेखी विचारावे की या मशीनला कोणते पेट्रोल चालते. मिश्रण लागेल तेवढेच करावे, महिन्यापेक्षा जुने वापरू नये, आणि करवत ठेवून देताना टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी. टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणे. ५० ला १ सांगितले असेल तर ५ लिटरला १०० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये.

चेनच्या तेलाच्या टाकीत गाडीतून काढलेले जळके ऑइल घालण्याची सवय सोडावी. त्यात धातूचे कण असतात, ते पंप आणि बार दोन्ही खातात, आणि ते अंगावर उडते.

विजेवरची किंवा बॅटरीची करवत घ्यावी का, असेही काहींनी विचारले. घराजवळच्या हलक्या कामाला बॅटरीची करवत आता चांगली झाली आहे. पण निसर्गनंतर अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. ज्या दिवसासाठी आपण करवत घेतो, त्याच दिवशी ती चार्ज करता येणार नसेल तर संचातली मुख्य मशीन पेट्रोलचीच हवी.

दुकानात काय तपासावे

१. थंड मशीन आपल्यासमोर सुरू करून दाखवायला सांगावी.
२. ती संथ चालत असताना चेन फिरता कामा नये.
३. पुढची ढाल ढकलताच चेन ब्रेक लागून चेन जागच्या जागी थांबली पाहिजे.
४. बारचे टोक कोऱ्या कागदासमोर वीतभर अंतरावर धरून वेग द्यावा. कागदावर तेलाची रेघ उमटली तर पंप ठीक.
५. तेलाचे प्रमाण कमी-जास्त करण्याचा स्क्रू आहे का, ते पाहावे.
६. मुठी आणि इंजिन यांमध्ये स्प्रिंग किंवा रबर आहे का, ते पाहावे. कंपनाचा आकडा पुस्तिकेत असतो, तो कमी तेवढा बरा. वर्षानुवर्षे कंपन सोसलेल्या बोटांची जाणीव जाते.
७. तुटलेली चेन अडवणारा खुंट मशीनखाली असलाच पाहिजे.
८. दुकानात या मॉडेलचा बार, चेन, स्प्रॉकेट आणि हवेचा फिल्टर आज शिल्लक आहे का, ते विचारावे. ‘मागवून देऊ’ हे उत्तर नव्हे.

करवतीबरोबरची विजार

आता ज्या गोष्टीवर लोक सर्वांत आधी काटछाट करतात, ती. चेनसॉ चालवणाऱ्याची खास विजार किंवा पुढून बांधायचा पट्टा मिळतो. हा कापडाचा मामला आहे आणि कापडात आमचे आयुष्य गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लोकांना वाटते हे कापड इतके कठीण असते की चेन ते कापू शकत नाही. तसे नाही. वरचे कापड चेन क्षणात फाडते. खरी कमाल आतल्या थरांची. त्यात लांब, चिवट, मुद्दाम सैल ठेवलेले धागे असतात. चेनचे दात ते धागे बाहेर ओढतात, धागे स्प्रॉकेटभोवती गुंडाळले जातात आणि मशीन गच्च अडकून थांबते. पॉवरलूमच्या दांडीला सुताचा गुंता बसला की माग कसा थांबतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे लगेच कळेल.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, या विजारीला उंची कमी करायची म्हणून टीप मारू नये आणि फाटली तर आरपार शिवू नये. शिलाईने धागे बांधले गेले की ते ओढले जाणार नाहीत आणि विजार साध्या कापडाइतकीच उरेल. दुसरी, ब्लीच घालून धुऊ नये, धागा मरतो. तिसरी, एकदा चेन लागून धागे निघाले की ती विजार बाद. तिने आपले काम केले.

दर्जाचे आकडे लेबलवर असतात. वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनसाठी, वर्ग २ म्हणजे २४ मीटर, वर्ग ३ म्हणजे २८ मीटर. आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक आयएसओ ११३९३. लेबल नसलेली जाड जीन या जागी चालत नाही. आमच्या गावच्या त्या मुलाच्या अंगावर वर्ग १ ची विजार असती तरी आज तो कठडा न धरता जिना चढला असता.

विजारीबरोबर जाळीचे झाकण व कानपट्ट्या असलेले हेल्मेट, हातमोजे आणि जाड बूट घ्यावेत. आमचा हिशेब असा की शंभर रुपये खर्चायचे असतील तर पंचाहत्तर मशीनवर आणि पंचवीस या सामानावर, जादा चेनवर आणि कानशींवर. शंभरच्या शंभर मशीनवर घातले तर ती खरेदी अर्धवट समजावी.

पैशाचा प्रश्न

दुकानदार ‘शून्य टक्के हप्ता’ पुढे करतो. रोखीचा भाव वेगळा विचारावा. रोखीवर जी सूट मिळाली असती ती हप्त्यात मिळत नाही, वर ‘प्रोसेसिंग’ची रक्कम लागते. व्याज नाव बदलून तिथे बसलेले असते. शक्य असेल तर दोन महिने थांबून रोखीने घ्यावे. धंद्यासाठी लागणारच असेल तर नातलगाकडून कर्ज-ए-हसना घ्यावे आणि ते लिहून ठेवावे.

जमातीने घेताना जकातीच्या रकमेला हात लावू नये. जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत आणि सामायिक मशीन त्यांत बसत नाही. यासाठी स्वेच्छेची वर्गणी वेगळी गोळा करावी. पक्के बिल जमातीच्या नावाने घ्यावे, मशीनचा क्रमांक वहीत चढवावा, वॉरंटीचे कार्ड त्याच फाइलीत ठेवावे.

कायदा आणि वापर

करवत हातात आली म्हणून कोणतेही झाड तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच, खैर, हिरडा अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी आधी परवानगी लागते. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. वादळात पडलेल्या झाडाबाबतही आधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत, तलाठ्याला कळवावे आणि पंचनामा होऊ द्यावा. जीव वाचवायला किंवा रस्ता मोकळा करायला कापावे लागले तर गोष्ट वेगळी. नाहीतर भरपाईच्या वेळी पुरावाच उरत नाही. झाड विजेच्या तारेवर असेल तर महावितरणचा माणूस येऊन लाइन बंद केल्याचे सांगेपर्यंत जवळ जाऊ नये.

पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा फसवे असते. वाकलेल्या फांदीत ताण असतो. आधी दाबल्या गेलेल्या बाजूने थोडे कापावे, मग ताणलेल्या बाजूने. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापताच मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसतो. त्या बाजूला माणूस उभा नसावा.

जमातीसाठी आम्ही काही नियम लिहून भिंतीला लावले आहेत. करवत विजार-हेल्मेटशिवाय दिली जाणार नाही. एकट्याला दिली जाणार नाही. मशीन चालवायला शिकलेल्यांची यादी वहीत आहे, यादीबाहेरच्याला मिळणार नाही, मग तो मुतवल्लीचा मुलगा का असेना. एक टाकी संपली की माणूस बदलायचा. परत आणणाऱ्याने चेनला धार लावून, टाकी रिकामी करून सही करायची. सुरुवातीला कुरबूर झाली. आता झाली आहे सवय.

आणि यादीत पहिले नाव त्या कठडा धरून जिना चढणाऱ्या मुलाचे आहे. नव्या मुलांना शिकवण्याचे काम त्याने स्वतःहून मागून घेतले. तो करवत सुरू करण्याआधी आपली विजार दाखवतो, मग बोलतो.

तात्पर्य असे की, संचात भर घालताना ‘सर्वांत मोठी कोणती’ असे विचारू नये. ‘आपले रोजचे काम कोणते आणि ते करणारा हात कोणाचा’ असे विचारावे. त्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की सीसी, बार आणि चेन यांचे आकडे आपोआप जागेवर बसतात. पुढच्या वादळाची तारीख अल्लाहलाच माहीत. त्याआधी अवजार धारदार आणि अंगात विजार असणे, एवढे आपल्या हातात आहे.